सोंग तेच, खेळ निराळा : संगणकावरील भूमिका-खेळांची जुनी आणि नवी रीत

संगणकावरील खेळ म्हटले की गोळीबार, मोटारींच्या शर्यती किंवा क्रिकेट एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. या गर्दीत 'रोल प्लेइंग गेम', संक्षेपाने 'आरपीजी', हा प्रकार थोडा बाजूला उभा असतो. यात खेळणारा एका काल्पनिक जगातील पात्राची भूमिका घेतो. त्या पात्राचे बळ, बुद्धी, चापल्य हे गुण आकड्यांत मोजलेले असतात, अनुभवागणिक ते वाढत जातात आणि कथा पुढे कोणत्या वळणाने जाणार, हे काही अंशी खेळणाऱ्याच्या निर्णयावर ठरते. या प्रकाराला आता पन्नास वर्षांचा इतिहास आहे. त्यामुळे 'जुने खेळ श्रेष्ठ की नवे' हा वादही त्यात कायमचा मुक्काम ठोकून बसला आहे. हा वाद बहुधा चित्रांच्या दर्जावर येऊन अडकतो आणि तेथेच तो फसतो. जुन्या-नव्यातील खरा फरक कामाच्या वाटणीचा आहे. यंत्राने काय करायचे आणि खेळणाऱ्याच्या डोक्यावर काय सोपवायचे, ही वाटणी गेल्या चार दशकांत पार बदलून गेली.

या खेळांचे मूळ संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-सहा मित्र बसतात, त्यातला एक सूत्रधार होतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशी पात्रे घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपण काय करणार ते बोलून दाखवतात आणि यशापयशाचा निवाडा फासे करतात. वीस बाजूंचा फासा हे या खेळाचे ओळखचिन्हच झाले. टेबलावर कागद, पेन्सिल आणि फासे. राजवाडा, भुयार, राक्षस ही बाकी सर्व सामग्री बोलण्यातून आणि ऐकणाऱ्याच्या कल्पनेतून उभी राहायची.

सोंग घेण्याची ही रीत मराठी माणसाला अपरिचित नाही. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यातले केशोरी हे गाव ज्या झाडीपट्टीत मोडते, तेथील दंडार हा लोकनाट्यप्रकार याच तत्त्वावर चालत आला. पडदे नाहीत, नेपथ्य नाही, स्त्रीपात्रेही पुरुषांनीच वठवायची. नटाने दोन शब्दांत 'हे अरण्य' म्हटले की प्रेक्षकांना अरण्य दिसायचे. पुढे याच मातीत झाडीपट्टी रंगभूमी उभी राहिली. धानाची कापणी आटोपली की मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके होऊ लागली, वडसा हे नाटक मंडळ्यांचे केंद्र बनले, रंगमंच, प्रकाशयोजना, ध्वनिक्षेपक सारे आले. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला. दंडारीकडून मंडपातल्या नाटकाकडे जाताना प्रेक्षकाच्या कल्पनेवरचा भार हलका झाला आणि मंडळीच्या खर्चावरचा वाढला. संगणकावरील भूमिका-खेळांचा प्रवास ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने हे उदाहरण मनाशी ठेवावे.

टेबलावरचा हा खेळ संगणकावर पोचायला वेळ लागला नाही. १९७५ मध्येच इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या शैक्षणिक संगणक व्यवस्थेवर विद्यार्थ्यांनी भुयारांत हिंडण्याचे खेळ लिहिले. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी बनवलेल्या 'रोग' या खेळात चित्रेच नव्हती. भिंती म्हणजे रेघा, राक्षस म्हणजे इंग्रजी मुळाक्षरे आणि खेळणारा म्हणजे एक चिन्ह. भुयार मात्र प्रत्येक वेळी नव्याने रचले जाई आणि पात्र मेले की खेळ संपला, पुन्हा आरंभापासून. ही शिस्त इतकी लोकप्रिय झाली की आजही अशा खेळांना 'रोगसारखे' याच नावाने ओळखले जाते.

१९८१ साली अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वूडहेड यांचा 'विझार्ड्री' हा खेळ ॲपल-२ या संगणकासाठी आला. सहा पात्रांची टोळी घेऊन दहा मजली भुयारात उतरायचे. प्रत्येक मजला वीस गुणिले वीस चौकोनांचा. पडद्यावर मात्र फक्त समोरच्या भिंतींच्या चार रेघा दिसत. नकाशा खेळात नव्हता, तो खेळणाऱ्याने आलेख कागदावर एकेक चौकोन भरत काढायचा. त्यातही काही चौकोनांवर पाऊल पडताच टोळी नकळत वळवली जाई, काही ठिकाणी तर ती दुसरीकडेच फेकली जाई, आणि मग कागदावरचा नकाशा व पडद्यावरची भिंत जुळेनाशी होई. आपण कोठे चुकलो, हे शोधून काढणे हा खेळाचाच एक भाग होता. पात्र मेले की त्याची नोंद तत्काळ फ्लॉपीवर होई. मंदिरात नेऊन त्याला जिवंत करण्याचा विधी असे, पण तो फसला तर देहाची राख होई आणि राखेवरचा विधीही फसला तर ते पात्र कायमचे गेले. अनेक आठवडे वाढवलेला योद्धा असा हातचा जाई. त्यामुळे भुयारात एक मजला आणखी खाली उतरावे की माघारी फिरावे, या प्रश्नाला जे वजन होते, ते आजच्या कित्येक भव्य खेळांना आणता येत नाही.

हे सारे हेतुपुरस्सर नव्हते, हेही ध्यानात घ्यायला हवे. त्या काळी घरगुती संगणकाची मेमरी ४८ किंवा ६४ किलोबाईट असे. फ्लॉपीवर गोष्ट मावत नव्हती म्हणून ती छापील पुस्तिकेत जाई. १९८८ च्या 'पूल ऑफ रेडिअन्स' या खेळात महत्त्वाच्या प्रसंगी पडद्यावर केवळ 'पुस्तिकेतील अमुक क्रमांकाची नोंद वाचा' अशी सूचना येई. मग कोणी आधीच सगळी पुस्तिका वाचून मोकळा होऊ नये, म्हणून तिच्यात खोट्या अफवाही पेरलेल्या असत. त्याच वर्षीच्या 'वेस्टलँड'मध्येही हीच युक्ती होती. यंत्राच्या अपुरेपणातून अशी एक वाचनाची सवय जन्माला आली. डावीकडे पुस्तिका, उजवीकडे आलेख कागद आणि मध्ये पडदा, अशी त्या खेळाडूची बैठक असे.

या पिढीतील सर्वांत विचारगर्भ खेळ कोणता, असे विचारले तर प्रस्तुत लेखकाचे मत रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा ४' (१९८५) या खेळाच्या पारड्यात पडेल. त्याचे उपशीर्षक 'क्वेस्ट ऑफ द अवतार' असे होते आणि त्यातला 'अवतार' हा शब्द आपल्या संस्कृतातलाच. संगणकाच्या पडद्यावरील आपल्या प्रतिमेला आज जगभर 'अवतार' म्हणतात, त्या वापराच्या प्रसारात या खेळाचाही वाटा आहे. तोवरच्या खेळांत शेवटी एका दुष्टाला मारायचे असे. येथे असा दुष्टच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि विनम्रता या आठ सद्गुणांत पारंगत होणे हेच ध्येय. आरंभी एक भविष्यवेत्ती स्त्री दोन सद्गुणांत पेच टाकणारे प्रश्न विचारते आणि उत्तरांवरून तुमचे पात्र ठरते.

यातली मख्खी पुढे आहे. मंत्रांसाठी लागणाऱ्या वनौषधी विकणारी बाई आंधळी असते. माल घेतल्यावर किती नाणी द्यायची, तो आकडा खेळणाऱ्याने स्वतः टंकायचा असतो. कमी दिली तरी ती काही बोलत नाही. खेळही काही बोलत नाही. चार पैसे वाचल्याच्या आनंदात खेळणारा पुढे जातो आणि बऱ्याच काळाने, प्रामाणिकपणाची परीक्षा द्यायला गेल्यावर, आपण अपात्र असल्याचे त्याला कळते. पडद्यावर कोठेही 'तुमचे पुण्य इतक्या अंकांनी घटले' अशी पाटी झळकत नाही. आपण केव्हा, कोणाशी, कसे वागलो, हे त्याने स्वतःच आठवायचे. आजच्या अनेक खेळांत प्रत्येक निर्णयानंतर 'अमुक पात्राला हे आवडले नाही' अशी ओळ पडद्याच्या कोपऱ्यात उमटते. सोय म्हणून ती ठीक आहे, पण त्या ओळीमुळे खेळणारा नीतीचा विचार सोडून हिशेब करू लागतो.

जुन्याचे गोडवे गाताना त्याचे दोष झाकणे मात्र योग्य नव्हे. हे खेळ विलक्षण कंटाळवाणेही होते. दर दहा पावलांवर त्याच त्या राक्षसांशी लढाई, तीच ती कळ शंभरदा दाबणे, हा त्यांचा मोठा भाग होता. 'द बार्ड्स टेल' (१९८५) या खेळात ९९ योद्ध्यांच्या चार तुकड्यांशी एकाच वेळी लढण्याची एक जागा होती. तेथे पुनःपुन्हा जाऊन मंत्राने त्यांचा फडशा पाडणे, हाच अनुभवाचे अंक कमावण्याचा खेळाडूंचा आवडता मार्ग ठरला. याला शौर्य म्हणावे की हमाली? प्रत्येक आज्ञेसाठी निराळे अक्षर पाठ करावे लागे. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही किंवा दिवसाचे चार तास मोकळे नाहीत, त्याच्यासाठी हे दार बंदच होते.

१९९७ ते २००२ या काळात जुने आणि नवे काही वर्षे शेजारी नांदले. सीडी-रॉममुळे जागेची चणचण संपली होती, पण संवाद अजून प्रामुख्याने लिखित होते. 'फॉलआऊट' (१९९७) मध्ये अणुयुद्धानंतरच्या उजाड जगात आपल्या वसाहतीसाठी पाणी शुद्ध करणारी चकती १५० दिवसांत शोधायची असते. पात्राची बुद्धी फार कमी ठेवली तर ते धड बोलूही शकत नाही, नुसते हुंकार देते, आणि समोरचे लोक त्याच्याशी तसेच वागतात. 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' (१९९९) या खेळाची संहिता सुमारे आठ लाख शब्दांची मानली जाते. इतके शब्द लिहिणे परवडले, कारण त्यातला फारच थोडा भाग कोणाकडून बोलवून घ्यायचा होता.

बदलाचा सांधा नेमका पाहायचा असेल तर एकाच कंपनीचे दोन खेळ शेजारी ठेवावेत : बेथेस्डाचा 'मॉरोविंड' (२००२) आणि त्यानंतरचा 'ऑब्लिव्हिअन' (२००६). 'मॉरोविंड'मध्ये कामगिरी सांगणारा माणूस वाट शब्दांत सांगतो. पूल ओलांडा, ओढ्याच्या काठाने वर जा, दोन वाटा फुटतील तेथे डावीकडे वळा. क्वचित ही वाट चुकीचीही सांगितलेली असे, आणि गावाकडे पत्ता विचारत हिंडलेल्या कोणालाही यात अस्वाभाविक काही वाटणार नाही. कथेसाठी आवश्यक असलेल्या माणसाला तुम्ही मारले तर भाकिताचा धागा तुटल्याची सूचना येई. जुना खेळ परत उघडायचा की या मोडलेल्या जगात तसेच राहायचे, हे तुम्हीच ठरवायचे.

चार वर्षांनी आलेल्या 'ऑब्लिव्हिअन'मध्ये पडद्याच्या तळाशी होकायंत्र आले आणि त्यावर पुढच्या मुक्कामाची खूण. आवश्यक पात्रे मरेनाशी झाली, ती नुसती मूर्च्छित होऊन पुन्हा उठत. सर्व पात्रे आता प्रत्यक्ष आवाजात बोलू लागली. शब्द लिहिणे स्वस्त असते, पण नटाकडून ध्वनिमुद्रण करून घेणे महाग. त्यामुळे प्रत्येकाच्या तोंडचे संवाद आटले. वाट शब्दांत सांगणे परवडेना, म्हणून खूण आवश्यक झाली आणि खूण आल्यावर आजूबाजूला पाहण्याची गरज उरली नाही. खेळणारा डोंगर, नदी, देऊळ यांच्याकडे न पाहता होकायंत्रावरील ठिपक्याकडे पाहत चालू लागला. ज्या निसर्गचित्रणासाठी कंपनीने एवढे श्रम घेतले, तेच त्याच्या नजरेतून निसटले.

याच खेळात आणखी एक गंमत होती. जगातील शत्रू खेळणाऱ्याच्या बरोबरीने बलवान होत जात. परिणामी शेवटी शेवटी रस्त्यावरचा भुरटा दरोडेखोर अत्यंत मौल्यवान चिलखत घालून किरकोळ नाण्यांसाठी वाट अडवू लागला. याउलट 'गॉथिक' (२००१) या जर्मन खेळात जग कोणासाठी थांबत नसे. नवख्या पात्राने जंगलात चुकीच्या दिशेला दहा पावले टाकली तर तेथील प्राणी त्याला फाडून खात. महिनाभराने त्याच प्राण्याला सहज मारताना जी प्रगती जाणवे, ती आकडे वाढल्याने येणाऱ्या समाधानाहून निराळी होती.

या बदलामागे दुष्ट हेतू नव्हता. खर्च वाढला, की गिऱ्हाईकही वाढवावे लागते. लाखो प्रती खपवायच्या तर अडखळून सोडून देणाऱ्यांची संख्या कमी करणे भाग होते. पैशाचे गणित मात्र पुढे अधिक धीट झाले. एप्रिल २००६ मध्ये 'ऑब्लिव्हिअन'च्या घोड्याला घालायचे चिलखत अडीच डॉलरला विकायला निघाले, तेव्हा खेळाडूंनी त्याची यथेच्छ टवाळी केली. पुढे तीच प्रथा झाली. २०२० मध्ये आलेला 'गेनशिन इम्पॅक्ट' हा खेळ फुकट मिळतो, पण त्यातली नवी पात्रे सोडतीसारख्या चिठ्ठीतून मिळवायची असतात आणि त्या चिठ्ठ्यांसाठी खरे पैसे मोजता येतात. जुन्या खेळाला तुमचा वेळ हवा होता. या खेळांना तुमची रोजची हजेरी हवी असते. शाळकरी मुलांच्या हाती मोबाईल देणाऱ्या पालकांनी हा फरक समजून घ्यावा.

तथापि सगळे नवे खेळ याच वाटेने गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००७ च्या 'एट्रिअन ओडिसी' या जपानी खेळाने नकाशा काढण्याचे काम पुन्हा खेळणाऱ्याकडे दिले, निन्टेन्डोच्या छोट्या यंत्राच्या खालच्या पडद्यावर, लेखणीने. 'डार्क सोल्स' (२०११) आणि 'एल्डन रिंग' (२०२२) यांनी सूचना, खुणा, स्पष्टीकरणे जवळजवळ काढूनच टाकली, आणि ते तुफान खपले. जुन्या पद्धतीच्या खेळांना गिऱ्हाईक नाही, हा समज २०१२ मध्ये चाहत्यांनीच खोटा पाडला. 'पिलर्स ऑफ इटर्निटी' या खेळासाठी त्यांनी आगाऊ वर्गणी काढून सुमारे ४० लाख डॉलर जमवले आणि २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. एस्टोनियातील लेखकांच्या चमूने केलेल्या 'डिस्को एलिसियम' (२०१९) मध्ये तर नेहमीची लढाईच नाही. जवळपास सगळा खेळ संभाषणाचा, आणि शब्दसंख्या दहा लाखांच्या घरात.

या साऱ्याचा उत्कर्ष ऑगस्ट २०२३ मधील 'बाल्डर्स गेट ३' मध्ये दिसतो. बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओज या कंपनीचा हा खेळ संगणकावर सुमारे १५० गिगाबाईट जागा मागतो. सर्व पात्रे आवाजात बोलतात, चेहऱ्यावरचे भाव दिसतात, म्हणजे मंडपातल्या नाटकाचा सारा थाट आहे. तरीही निवाड्याच्या क्षणी पडद्यावर वीस बाजूंचा फासा गडगडत येतो. जुने खेळ फासे यंत्राच्या पोटात लपवत, या नव्या खेळाने ते १९७४ च्या टेबलासारखे उघड्यावर आणले. दान फसले तर कथा थांबत नाही, ती दुसऱ्या वाटेला लागते. वर्षअखेरीस त्यात 'ऑनर' पद्धतीचीही भर पडली : खेळाची एकच नोंद, टोळी गारद झाली की मागे फिरणे नाही. 'विझार्ड्री'च्या राखेची ही आठवणच म्हणायची. त्या वर्षीच्या 'द गेम ॲवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम खेळाचा मान यालाच मिळाला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने एक प्रश्न उरतो, तो भाषेचा. आतापर्यंत नाव घेतलेल्या खेळांपैकी एकही मराठीत नाही. बाकीच्या प्रकारांत भाषा नसली तरी चालते, चेंडू टोलवायला वाक्य लागत नाही. भूमिका-खेळात मात्र भाषा हाच खेळ असतो. भारतीय विषयावरचे प्रयत्न झाले आहेत. पायरोडॅक्टिल या छोट्या भारतीय स्टुडिओचा 'अनरेस्ट' (२०१४) काल्पनिक प्राचीन भारतातील दुष्काळग्रस्त नगरात घडतो आणि त्यात शस्त्र उचलण्यापेक्षा बोलण्याने अधिक साधते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' (२०२०) हा खरे तर साहसखेळ, भूमिका-खेळ नव्हे, पण २०२२ च्या त्याच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. केशोरी ते वडसा या पट्ट्यात झाडीबोलीतून रात्र जागवणारे संवाद लिहिणारे लेखक आहेत. लिखित संवादांवर उभा असलेला, चित्रांचा बडेजाव नसलेला भूमिका-खेळ मराठीत करायला १५० गिगाबाईटची गरज नाही, 'प्लेनस्केप' चालवणारे संगणक आजच्या साध्या फोनपेक्षाही दुबळे होते.

ज्यांना जुनी रीत स्वतः अनुभवायची आहे, त्यांना ती दुर्मीळ नाही. २००८ साली सुरू झालेल्या 'गुड ओल्ड गेम्स' अर्थात 'गॉग' या दुकानाने असे खेळ नव्या संगणकांवर चालतील अशा रूपात विकायला काढले. 'रोग'च्या परंपरेतील, १९८७ मध्ये अवतरलेला 'नेटहॅक' पूर्णपणे मोफत आहे आणि कोणत्याही जुन्या यंत्रावर चालतो. 'अल्टिमा ४' हा खेळही 'गॉग'ने २०११ मध्ये फुकट उपलब्ध करून दिला. तो उघडण्यापूर्वी मात्र सोबतच्या दोन्ही पुस्तिका वाचाव्या लागतात. कोणत्या मंत्रासाठी कोणत्या वनौषधी एकत्र करायच्या, ते त्यांतच छापले आहे. आठांपैकी दोन वनौषधी त्या आंधळ्या बाईकडेही मिळत नाहीत. त्या कोठे उगवतात आणि आकाशातील दोन्ही चंद्रांची अमावास्या असतानाच का शोधाव्या लागतात, हे गावोगाव लोकांना विचारून काढायचे आणि वहीत लिहून ठेवायचे.